मामीची जपानी गाडी

माझ्या मामीइतका गाडीला जीव लावलेला आणि गाडीचा जीव काढलेला माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरा झाला नाही, हे मी कुठल्याही चौकात उभा राहून सांगायला तयार आहे. ज्या काळात आमच्या नात्यातल्या बायका मोपेडवरून जाणाऱ्या मुलीकडेसुद्धा मान वळवून बघायच्या, त्या काळात मामी इंदिरानगरातल्या आपल्या छोट्या बंगल्याच्या पोर्चमध्ये जपानी गाडीखाली आडवी पडलेली असायची. फाटकातून आत येणाऱ्याला आधी तिची जोडवी दिसायची. "कोण आहे?" असा आवाज गाडीखालून यायचा. पाहुण्यानं नाव सांगितलं की "बसा, बसा, आलेच, चहा टाकते" असं अगत्यानं म्हणून ती जोडवी पुढचा अर्धा तास तिथंच राहायची. चहा शेवटी मामाच करायचा. तोही इतक्या वर्षांत चांगला करायला लागला होता.

मामा साखर कारखान्यातला केमिस्ट, अतिशय मितभाषी माणूस. पूर्व आफ्रिकेतल्या एका कारखान्यात त्याला नोकरी लागली आणि दोघं काही वर्षं तिकडे राहिली. तिकडेही आपल्यासारख्याच रस्त्याच्या डाव्या बाजूनं गाड्या चालतात, आणि जपानात वापरून झालेल्या गाड्या बोटी भरभरून येतात. त्यातली एक चंदेरी गाडी मामानं विकत घेतली आणि मामीनं ताब्यात घेतली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला दोघं परतली, तेव्हा बरोबरच्या मंडळींनी फ्रीज आणले, व्हीसीआर आणले. मामीनं गाडी आणली. बंदरावरच्या कागदपत्रांत मामाचे केस पांढरे झाले असं ती सांगते. मामाच्या मते ते गाडी घरी आल्यानंतर झाले.

त्या गाडीचं सगळ्यात मोठं वैशिष्ट्य म्हणजे ती बोलायची. दार नीट लागलं नाही, दिवा चालू राहिला, की डॅशबोर्डच्या आतून एक नाजूक आवाजाची बाई जपानीत काहीतरी समजावून सांगायची. आम्हाला त्यातलं अक्षर कळायचं नाही, पण मामी मात्र "हो गं बाई, लावते" असं तिला रीतसर उत्तर द्यायची. "तिचा सूर बघ की रे," मला ती म्हणायची, "दाराचं सांगते तेव्हा जरा समजुतीनं सांगते. दिव्याचं सांगताना वैतागलेली असते." एकदा मामानं हळूच विचारलं, की तिला गप्प करायची काही तार नाही का. मामी म्हणाली, "आहे की. पण मग मला एकटीलाच बोलावं लागेल." मामानं तो विषय पुन्हा काढला नाही.

गाडी पहिल्यांदा बिघडली तेव्हा मामीनं ती एका गॅरेजमध्ये नेली. तिथल्या मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, बराच वेळ आत पाहिलं आणि अदबीनं बंद केलं. "बाई, ही मी खोलीन," तो म्हणाला, "पण परत बसवायचं देवाच्या हातात." मामी तिथून उठली ती थेट दुकानात जाऊन पान्यांचा सेट घेऊन घरी आली. त्या दिवसापासून मामाचा प्रयोगशाळेतला पांढरा कोट तिच्या साडीवर चढला, आणि स्वयंपाकघरातल्या चमच्यांच्या स्टँडमध्ये चमच्यांच्या शेजारी पाने उभे राहिले. सुटे भाग भारतात कुठंच मिळत नव्हते, म्हणून जे मिळेल ते मामी गाडीला लावायची. फॅनचा पट्टा तुटला, पिठाच्या गिरणीचा आणून, कापून-जोडून बसवला. काचेवर पाणी उडवायचा पंप गेला, तर पिंपळगावहून द्राक्षांवर औषध फवारायच्या पंपाचा नोझल आणला. त्याचा जोर असा, की पाणी काचेला न शिवता टपावरून मागे जायचं आणि मागचा स्कूटरवाला सचैल स्नान करायचा. गतिरोधकांना गाडीचं पोट घासतं म्हणून तिनं जीपच्या स्प्रिंगा बसवल्या. तेव्हापासून गाडी काष्टा वर खोचून शेतात निघालेल्या बाईसारखी दिसू लागली आणि बुटक्या मामाला चढण्यासाठी डिकीत एक पाट ठेवावा लागला.

इंजिनचा आवाज ऐकण्याची तिची पद्धत न्यारी होती. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून ऐकत राहायचं. एकदा जेवणानंतर मामाला छातीत धडधडायला लागलं. मी रिक्षा बोलवायला निघालो, तर मामीनं तोच स्क्रू-ड्रायव्हर उलटा करून त्याची मूठ मामाच्या सदऱ्यावर ठेवली, टोकावर बोट धरून कान लावला आणि म्हणाली, "ठोके बरोबर पडताहेत. गॅस झालाय. ओवा खा." डॉक्टरांनीही पुढे तेच सांगितलं. फक्त त्यांनी ओव्याचं नाव इंग्रजीत लिहून दिलं, असं मामीचं ठाम मत आहे.

हे वेड तिला आफ्रिकेत लागलं असं आम्हाला वाटायचं. पण ते फार जुनं होतं. मामीचं माहेर देवळ्याचं. तिचे वडील, आबा, कांद्याचे मोठे बागायतदार. त्यांच्या विहिरीवर एक ऑइल इंजिन होतं. लहानपणी मामी तासन्‌तास त्याच्यासमोर बसून राहायची. एकदा कुणी नसताना तिनं ते खोललं आणि पुन्हा बसवलंही. आबांना कळलं तेव्हा त्यांनी इंजिन सुरू करून पाहिलं नाही, सरळ तिला घरात पाठवलं. पुढे भावांना ते इंजिनाजवळ उभं करून शिकवायचे आणि मामीनं भाकरी नेऊन द्यायची, ती ठेवायची आणि परत फिरायचं. हे तिनं मला एकदाच सांगितलं, तेही कार्बोरेटर रॉकेलमध्ये धूत असताना, मान वर न करता.

त्याच आबांचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, ते काठी धरून घरात फिरू लागले, पण गुडघे आणि कंबर वाकेनात. जीपमध्ये चढता येईना, मोटारीत शिरता येईना. मुलं उचलून बसवायला तयार होती. आबा कडाडले, "मी काय कांदानी गोणी शे का, उचलाले?" त्यानंतर त्यांनी ओटा सोडला नाही. ज्या माणसानं जन्मभर पिंपळगावच्या बाजारात स्वतः उभं राहून लिलाव केला, तो ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला कांद्याचा भाव विचारू लागला. पुढे पुढे तेही विचारेनासा झाला. देवळ्याहून आल्यावर मामी दोन दिवस गाडीखाली गेली नाही. मामा घाबरला.

मग एका सकाळी ती मला घेऊन मेन रोडवरच्या एका केशकर्तनालयात गेली. तिथल्या जुन्या फिरत्या खुर्च्या काढून नव्या बसवल्या होत्या. मामीनं एक जुनी खुर्ची खालून वरून पाहिली, गरकन फिरवली आणि "हीच" म्हणाली. पुढचे काही रविवार आमच्या त्या जपानी गाडीचं पुढचं डावं सीट बाहेर, आत, पुन्हा बाहेर असं होत राहिलं. ते खुर्चीच्या फिरत्या भागावर बसवायचं, म्हणजे दार उघडलं की सीट बाहेरच्या बाजूला वळेल, माणूस घरातल्या खुर्चीत टेकावं तसा टेकेल आणि मग सीटसकट आत फिरेल, असा बेत होता. जीपच्या स्प्रिंगांमुळे गाडीची उंचीही नेमकी उंच आबांना न वाकता टेकण्याइतकी झाली होती. चाचणीला अर्थातच मामा. पहिल्या खेपेला मामीनं दार उघडं ठेवूनच वळण जोरात घेतलं, सीट भिरभिरलं आणि मामा जास्वंदीत जाऊन पडला. चष्मा पुसत तो एवढंच म्हणाला, "आबांना जास्वंद चालेल का, विचारून घे." दुसऱ्या दिवशी मामीनं सीटला संडासाच्या दाराला लावतात तसली कडी बसवली. मग मात्र मामा हलला नाही. नंतर नंतर तर तो पेपर वाचायला तिथंच बसायचा.

लाल कांदा बाजारात येऊ लागला तेव्हा आम्ही देवळ्याला गेलो. सकाळी गाडी ओट्याला लागली. मामीनं दार उघडलं, सीट बाहेर वळवलं आणि बाजूला उभी राहिली. भाऊ, वहिन्या, शेजारी, सगळे बघत होते. आबांनी सीटकडे पाहिलं, काठीनं ते दाबून पाहिलं, मग पाठमोरे झाले आणि टेकले. मामीनं सीट फिरवलं, कडी लावली. आतून जपानी बाई बोलली. आबा दचकले. "हाई कोन बोलनी?"

"गाडी बोलनी, आबा. दार उघडं शे म्हणे."

"मंग लाव ना," आबा म्हणाले.

भावडबारीचा घाट चढताना गिरणीच्या पट्ट्यानं दगा दिला. बॉनेटमधून वाफ निघाली. मामीनं गाडी कडेला घेतली आणि मी सारखा घड्याळात बघू लागलो, कारण लिलाव आमच्यासाठी थांबणार नव्हता आणि आबांना दुसऱ्या गाडीत हलवणं शक्य नव्हतं. एक जीप थांबली, त्यातली दोन धट्टीकट्टी माणसं "आबाले उचली लेतस" म्हणत उतरली. आबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ती जीपमध्ये परत जाऊन बसली. मामीनं सीट बाहेर वळवून आबांना उन्हात बसवलं, पान्यांची पिशवी ठेवायला जागा नव्हती म्हणून ती त्यांच्या मांडीवर ठेवली, आणि बॉनेटमध्ये डोकं घातलं. जोडीचा पट्टा तिनं आणलेला होताच. काम करताना तिला भान नसतं. मागे हात करून ती म्हणाली, "बारा-तेराचा पाना."

मी पुढे होणार तेवढ्यात आबांनी पिशवीत हात घातला. एक पाना काढला, तिच्या हातावर ठेवला. मामीनं न बघता तो परत केला. "हा नाही. त्याच्याहून मोठा."

जन्मात कुणी त्यांना असं बोललं नसेल. आबांनी चष्मा वर केला, पान्यावरचा आकडा उन्हात धरून वाचला आणि बरोबर पाना दिला. मग पकड दिली. मग फडकं दिलं. कुठल्या क्षणी मामीच्या लक्षात आलं कोण जाणे, तिचा हात तसाच मागे थांबला, आणि आबा म्हणाले, "आते काय देऊ?" ती बॉनेटमधूनच म्हणाली, "काही नही, आबा. झायं." रेडिएटर निवल्यावर मी त्यात पाणी ओतलं आणि इंजिन पहिल्या चावीला सुरू झालं.

पिंपळगावच्या बाजारात ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या होत्या आणि लिलाव भरात होता. मामीनं गाडी ढिगांच्या अगदी जवळ नेली, सीट वळवलं, आणि आबा बाजाराच्या मधोमध, ताठ, मांडीवर काठी आडवी धरून बसले. जुने व्यापारी भोवती जमले. कुणी ढिगातला एक कांदा आणून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दाबला, वास घेतला, साल चुरली आणि भाव सांगितला. लिलाव तिथंच जाऊन थांबला असं मी म्हणणार नाही, पण फार लांबही गेला नाही. एका व्यापाऱ्यानं गाडीवरून हात फिरवत विचारलं, "आबा, गाडी कुठली हो ही?"

"जपाननी शे," आबा म्हणाले. मग थांबले, आणि चार माणसांना ऐकू जाईल अशा बाजारच्या आवाजात म्हणाले, "पन बनाडी मन्ही आंडेरनी." आंडेर म्हणजे मुलगी. मी मामीकडे पाहिलं. ती बॉनेट उघडून आत वाकली होती आणि आधीच घट्ट असलेला एक नट आवळत होती. बराच वेळ आवळत होती.

त्यानंतर आबा होते तोवर दर हंगामात ती फेरी झाली. ते गेल्यावरही मामीनं ते सीट काढलं नाही. कॉलनीतल्या गुडघे धरलेल्या सगळ्या आज्या तिनं त्यातून दवाखान्यात, लग्नांना आणि मतदानाला नेल्या. पण गाड्यांचंही वय होतं. नवे नियम आले, नोंदणीची मुदत संपत आली, जोडायला काही उरलं नाही. शेवटी मामीनं गाडी एका तंत्रविद्यालयाला देऊन टाकली, मुलांना इंजिन खोलून बघता यावं म्हणून. स्वतः चालवत घेऊन गेली. मी बरोबर होतो. मुलं-मुली भोवती गोळा झाली. त्यांतल्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, आम्ही खरंच खोलायची का ही?" मामी म्हणाली, "खोलायलाच दिलीय. परत बसवायची मात्र."

परत येताना आम्ही रिक्षा केली. मामी कडेला बसली होती. गोदावरीवरचा पूल ओलांडल्यावर तिनं मान जराशी तिरकी केली, ऐकलं आणि रिक्षावाल्याच्या खांद्यावर बोट टेकवलं. "बाजूला घे जरा." तो गोंधळून थांबला. मामीनं त्याच्याकडूनच पाना मागितला, प्लग काढला, पदरानं पुसला, परत बसवला. रिक्षा सुरू झाली ती अगदी मऊ आवाजात. रिक्षावाला मागे वळून बघतच राहिला. "मॅडम, तुमचं गॅरेज कुठं आहे?"

मामीनं त्याला घराचा पत्ता सांगितला, खाणाखुणांसकट. "रविवारी घेऊन ये," ती म्हणाली. "पोर्चमध्ये जागा रिकामीच आहे आता."