साहेबाच्या हेल्मेटातला सॅल्यूट

"टोपीशिवाय सॅल्यूट नसतो, साहेब," मी म्हणालो.

साहेबानं स्वतःचं पांढरं हेल्मेट काढून माझ्या डोक्यावर ठेवलं. "ही घे टोपी. मार आता."

गाडीत त्याची बायको, पुण्याहून आलेला मेहुणा आणि दहा-बारा वर्षांची मुलगी. एसी चालू, काच खाली. मुलीनं विचारलं, "डॅड, इज ही अ रिअल सोल्जर?"

"ऑफ कोर्स. वॉर हिरो," साहेब म्हणाला, आणि माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

मी मारला. मेहुण्यानं मोबाइलवर फोटो काढला. साहेबानं हेल्मेट परत घेतलं, आतली पट्टी रुमालानं पुसली आणि मग डोक्यावर घातलं.

पुसली. माझ्यासमोर.

अबू धाबीत, अल रीम आयलंडवर टॉवरचं काम चालू होतं. मी स्कॅफोल्डिंगचा फोरमन, हाताखाली सोळा माणसं. त्याआधी सतरा वर्षं फौजेत, हवालदार म्हणून पेन्शनीत आलेलो. कारगिलला होतो. डाव्या मांडीत लोखंडाचा तुकडा अजून आहे, थंडीत ठणकतो. त्याच्यासाठीच वाळवंटात आलोय, असं मी गमतीनं म्हणायचो. खरं म्हणजे मुलीला नर्सिंगला घातलं होतं आणि पेन्शनीत भागत नव्हतं.

साहेब साइटचा प्रोजेक्ट मॅनेजर, मराठीच. पहिल्या दिवशी त्यानं गाव विचारलं. महाडजवळचं, सांगितलं. मग आडनाव विचारलं. "अच्छा," म्हणाला. त्यानंतर कधी आडनाव घेतलं नाही, नुसतं 'फौजी'. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, पण पहिल्या तासापासून अरेतुरे. राग यायला हवा होता. आला नाही. परमुलखात मराठी ऐकून विरघळलो, खोटं कशाला बोलू?

सुरुवात माझीच. पंधरा ऑगस्टला साइट ऑफिसात लाडू वाटले. "फौजी, एक कडक सॅल्यूट होऊन जाऊ दे!" मी उघड्या डोक्यानं, छाती फुगवून मारला. टाळ्या पडल्या. फौजेत हात वर जातो तो समोरच्याच्या खांद्यावरच्या रँकला. मी तो एका लाडवावर दिला. मग पाहुणा आला की बोलावणं यायला लागलं.

माझे वडीलही फौजी. पेन्शनीत आल्यावरसुद्धा गावातल्या वरच्या आळीतून जाताना त्यांना चपला हातात घ्याव्या लागत. ते हे स्वतः सांगायचे. मी पोरवयात तणतणायचो, तुम्ही ऐकलंत कशाला? आणि मी इथे काय करत होतो? मला तर कुणी आळी दाखवली नव्हती.

मग दोन हजार आठची मंदी आली. क्रेन थांबल्या. शेजारचा टॉवर अर्ध्यावरच खलास. दर गुरुवारी कॅम्पच्या बोर्डावर यादी लागायची. नाव आलं की घरी. साहेबही धास्तावलेला. त्यानं मला केबिनमध्ये बोलावलं.

"मंडेला इन्व्हेस्टर्स येतायत. तुझी गँग गेटवर लाइनीत पाहिजे. सगळ्यांचा एकदम सॅल्यूट. तू ट्रेनिंग दे."

"साहेब, ती फौजी माणसं नाहीत."

"म्हणून तर तुला सांगतोय ना! इम्प्रेशन पडलं पाहिजे. एवढं कर, तुझं नाव यादीत येणार नाही. मी बघतो."

मी "होय साहेब" म्हणालो. तेही सांगायला हवं. मुलीचं शेवटचं वर्ष होतं.

संध्याकाळी ड्यूटी सुटल्यावर गँगला उभं केलं. दिवसभर पाइप उचलून खांदे सोललेली माणसं. त्यांत रत्नागिरीकडचे हसनचाचा सगळ्यांत जुने, पन्नाशी उलटलेले. एकदा निखळलेला त्यांचा उजवा खांदा नीट वर जायचा नाही. मी त्यांचं कोपर धरलं आणि वर ढकललं. ते कण्हले.

"फौजी," ते हळूच म्हणाले, "तुझा एकट्याचा तमाशा होता तवर मी काय बोललो नाय. आता आमची पन वरात काढतोस?"

माझा हात त्यांच्या कोपरावरच होता. मला लाज वाटली. लाज कसली, शिसारी आली स्वतःची. मी हात काढला, माफी मागितली. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिलो.

दुसऱ्या दिवसापासून वेगळंच शिकवलं. परेड सोडायचे दोन हुकूम असतात. विसर्जन म्हटलं की समोर अफसर असेल तर सॅल्यूट करून जायचं. लाईन तोड म्हटलं की उजवीकडे वळायचं आणि चालू पडायचं. सॅल्यूट नाही. गँगला सांगितलं, जिसको डर लगता है वो खडा रहे, मेरा कोई गुस्सा नहीं. पूछा तो बोलना, फोरमन का हुकूम था.

सोमवारी गाड्या आल्या. साहेबानं मान हलवली. मी पोटातून ओरडलो, "स्क्वाड, लाईन तोड!"

तेरा माणसं वळली आणि आपापल्या कामाकडे चालू लागली. तिघं घाबरून जागीच राहिली. मी त्यांना दोष देत नाही. इन्व्हेस्टरांना वाटलं, असंच ठरलं असेल. एकजण म्हणाला, "व्हेरी डिसिप्लिन्ड." साहेबाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

केबिनमध्ये तो म्हणाला, "शेवटी लायकी दाखवलीस."

हा शब्द आमच्या घरात जुना आहे. मी म्हणालो, "आडनाव घेऊन बोला, साहेब. आणि अहो म्हणा."

गुरुवारी यादीत पहिलं नाव माझं होतं. दुसरं हसनचाचांचं. चाचा म्हणाले, "चल, घर जाऊ." माझ्यापायी त्यांचं नाव आलं, ते मला मात्र अजून खातं. फी भरता न आल्यानं मुलीचं वर्षही बुडालं. ती महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही. यातलं काहीही भरून आलेलं नाही.

दोन वर्षांनी पुन्हा आखातात आलो, अल ऐनला, हॉस्पिटलच्या साइटवर. पहिल्याच आठवड्यात इंजिनिअर म्हणाला, "सुना है फौजी हो. एक सॅल्यूट तो बनता है, यार."

"नहीं," मी म्हणालो.

तो हसला. मी हसलो नाही. आता हाताखाली वीस माणसं आहेत. त्यांच्यातल्या कुणाचाही हात कुणी तमाशासाठी वर करायला लावला, तर त्याच्याआधी नाही म्हणणारा मी असेन. नोकरी जाईल. एकदा गेलेली आहे. कशी जाते ते मला माहीत आहे.