छत्रीवरची खूण

ओढ्यापलीकडच्या तेरा बाळांना लस द्यायची, म्हणून आमच्या नर्सबाईंनी जीप उंच करायला काढली. त्यांचे दीर गॅरेजवाले. स्वतःची जीप सहा इंच उचलून, ट्रॅक्टरएवढी चाकं लावून मिरवायचे.

"वहिनी, सहाच घ्या. रुबाब दिसतो."

बाईंनी ओढ्यातल्या सगळ्यात उंच दगडाशेजारी छत्री उभी धरून नेलपॉलिशची खूण केली आणि तीच छत्री जीपखाली लावून पाहिली.

"दोन इंच पुरे, भावजी. टायर एकच नंबर मोठे."

लसीच्या दिवशी वहिनी अडकणार म्हणून दीर मागोमाग निघाले. ओढ्यात त्यांचीच चाकं मडगार्डला घासून वळेनात. बाई अलगद पार झाल्या, तेराही बाळांना टोचून आल्या आणि परतताना दोर बांधून त्यांनी दिरांना रुबाबासकट बाहेर ओढलं.