ओसाड घरामागचं झुडूप

वेल्गाने हयातभर दुधाचा टँकर चालवला. आलूक्स्नेच्या थंड टेकड्यांमधला एकही गोठा तिला नवा नव्हता आणि एकही परसबाग. दूध टँकरमध्ये चढेपर्यंत बाकीचे ड्रायव्हर सिगारेटी फुंकत; ही कुंपणाशी जाऊन कुणाचा गुलाब थंडीने काळा पडला, कुणाच्या झुडपाला कोंबाचे डोळे फुटले, ते बघून यायची. बर्फ वितळला की तिच्या लेखी वर्षाचा निकाल लागायचा.

तिची स्वतःची बाग दृष्ट लागण्यासारखी. फक्त नवऱ्याच्या, एवाल्ड्सच्या कबरीवर काही म्हणता काही जगेना. दफनभूमी टेकडीच्या माथ्यावर. बर्फ म्हणजे झाडांची गोधडी; पण उत्तरेचा वारा तिथे ती गोधडी टिकूच देत नाही. गुलाब लावला, फर झाडाच्या फांद्यांनी झाकला, तर तो आतल्या आत कुजला. हायड्रेंजिया जगला, पण कळ्या गोठून गेल्या. नुसता पालाच.

आणि आमच्याकडे ऑगस्टमध्ये दफनभूमीचा सण. पाद्री प्रार्थना म्हणतो, बँड वाजतो आणि मग सगळा गाव रांगेरांगेने फिरून कुणाची कबर कशी राखलीय ते बघतो. देवाचं नाव घेता घेता शेजाऱ्यांची तपासणी, दुसरं काय.

गेल्या सणाला नणंद झेन्ता रीगाहून दुकानातली शेवंतीची कुंडी घेऊन आली आणि उघड्या मातीवर ठेवून म्हणाली, "माझ्या भावाच्या डोक्यावर चार पानं. गाई चरून गेल्या असत्या तरी याहून जास्त उरलं असतं."

"इथे वारा आहे, झेन्ता. तुझ्या गॅलरीतली जिरेनियम नव्हेत ही."

"म्हणूनच सांगते, पूर्ण ग्रॅनाइटची लादी घालू. फडकं मारलं की झालं."

"लादीखाली एवाल्ड्स? तो हिवाळ्यात मोजेसुद्धा घालत नसे."

"पुढच्या सणाला इथे काही फुललेलं दिसलं तर मी तोंड उघडणार नाही. नाहीतर लादी."

तिला तसं बोलायचा हक्क होता. जागा दोघींच्या नावावर होती, आणि भावाच्या शेजारचा तुकडा झेन्ताने स्वतःसाठी राखून ठेवलेला.

मे महिन्यात वेल्गा शेजारच्या विल्निसच्या गाडीतून रोपांच्या जत्रेला गेली. टेबलाटेबलावर रंगांचा नुसता दंगा. वेल्गाचं डोकं भणाणून गेलं, दहा ठिकाणी हात पुढे झाला आणि दहा ठिकाणी तिने तो मागे घेतला.

"हे उणे तीसलाही टिकतं, आजी," विकणारी पोरगी म्हणाली.

"वाढलं कुठे?"

"हॉलंडला."

"मग उणे तीसबद्दल त्याने फक्त ऐकलंय."

परतताना विल्निस कुरकुरला, "एवढं पेट्रोल जाळून हात हलवत चाललोय. एखादी कुंडी तरी घ्यायचीस."

वेल्गा खिडकीतून बघत होती. उघड्या माळावर एक ओसाड घर होतं. छप्पर बसलेलं, राहणारी म्हातारी कधीच गेलेली. पूर्वी हे तिच्या फेरीतलं घर.

"थांब. विल्निस, गाडी थांबव."

घराच्या उत्तरेला, वाऱ्याच्या थेट तोंडाशी, कमरेएवढ्या झुडपाची दाट हिरवी जाळी माजली होती. स्पायरिया. उन्हाळ्यात गुलाबी तुऱ्यांनी लवायची ती, हे वेल्गाला लख्ख आठवलं. तिला कुणी झाकलं नव्हतं, पाणी घातलं नव्हतं. माणसं गेली, कौलं गेली, ही आपली पसरतेच आहे. इतकी वर्षं इथून टँकर नेला आणि डोळे काय खिशात ठेवले होते?

"अगं, ते रानटी आहे," विल्निस म्हणाला.

"रानटीच हवंय. फावडं आहे?"

"बर्फ उपसायचं आहे."

"मे महिन्यात?"

"मी आलूक्स्नेत राहतो, वेल्गा."

बर्फाच्या फावड्याने तिने मुळांसकट फुटवे काढले, स्वतःच्या शालीत गुंडाळले आणि मांडीवर घेऊन बसली. त्याच संध्याकाळी ते कबरीवर लावले.

झुडपाने जीव धरला, भराभर वाढलं. आणि जूनमध्ये एका सकाळी बघते तर सगळे शेंडे हरणांनी खाल्लेले. खुंट उरले होते.

विल्निस कबरीशेजारच्या बाकावर टेकला. "लादी काळी घ्यायची की करडी?"

"गप्प बस आणि इकडे ये." ती गुडघ्यांवर बसून खुंट निरखत होती. प्रत्येक खुंटाखाली एकाच्या जागी दोन डोळे फुगले होते. "तुझ्या मेंढ्यांची लोकर दे. न धुतलेली." हरणांना तो वास सोसत नाही. तिने फांदीफांदीला लोकर बांधली. येणारेजाणारे हसले. हसू देत.

जुलैत ओसाड घरामागचं झुडूप फुललं आणि तपकिरीही पडलं. वेल्गाच्या फांद्यांवर मात्र कळ्यांचे हिरवे दाणे. रोज टेकडी चढायची, रोज तेच. सणाच्या आदल्या दिवशी दाण्यांच्या टोकांना किंचित रंग दिसला.

रविवारी बँडवाले यायच्या आत ती वर पोचली. तुरे उघडले होते. सगळे नाहीत, पण उघडले होते, आणि मधमाश्यांना आधीच पत्ता लागला होता. हरणांनी छाटल्यामुळे उशीर झाला, आणि त्या उशिरामुळेच फुलांची आजच्या दिवसाशी गाठ पडली. वेल्गाने घाईघाईने लोकर सोडून खिशात कोंबली.

झेन्ता आली ती एका हातात कुंडी आणि दुसऱ्या हातात लादीचं माप घ्यायला मोजपट्टी घेऊन. तिने फुलं बघितली. लादीचं नाव काढलं नाही, शब्द पाळणारी बाई. मग कुंडी खाली ठेवली आणि मोजपट्टी उघडून झुडपापासून शेजारच्या स्वतःच्या मोकळ्या तुकड्यापर्यंत लावली.

"हे पसरतं का गं?"

"दरवर्षी हातभर."

"म्हणजे माझ्यापर्यंत येणार."

"येणारच."

"मला गुलाबी आवडत नाही, वेल्गा."

"मग इथे यायची घाई करू नकोस," वेल्गा म्हणाली आणि तिला बसायला बाकावर जागा करून दिली.