सावधान म्हणजे क्लिक

इथे आखातात, आमच्या मंगफमधले फोटोवाले काका ‘वन, टू, थ्री’ म्हणत नाहीत. इकाम्याच्या, म्हणजे इथल्या रहिवासी परवान्याच्या, फोटोसाठी स्टुलावर बसलेला माणूस मल्याळी असो की मिसरी, काका कॅमेऱ्याआडून “शुभमंगलऽऽ” असा सूर लावतात आणि “सावधान!”ला बटण दाबतात. त्यामुळे इकाम्यावर मी नवरीसारखी लाजलेली दिसते.

आमच्या हॉस्पिटलातल्या कोरियन नर्सच्या लग्नाला मीच काकांना फोटो काढायला नेलं. नवरा इंग्रज. पांढरा गाऊन, अंगठ्या, केक, इथवर काका शिस्तीत होते. मग दोघं रेशमी कोरियन कपड्यांत आली, नवरीच्या आईवडिलांपुढे डोकं टेकवून बसली आणि एक पांढरं कापड ताणून धरलं. त्यात वडीलधाऱ्यांनी बोरं टाकायची. झेलाल तितकी मुलं होणार, अशी त्यांच्याकडची समजूत. तिकडची बोरं इथे मिळेनात, म्हणून ताटात इथल्याच वफ्राच्या मळ्यांतले खजूर होते.

वडिलांनी दोन-चार खजूर उचलले, तेवढ्यात काका गरजले, “शुभमंगलऽऽ सावधान!”

आम्हा मराठी नर्सांचे हात आपोआप उठले. समारंभाच्या शेवटी उधळायला दिलेल्या गुलाबपाकळ्या तिथेच उधळल्या गेल्या. वडिलांना वाटलं, रीतच असेल. त्यांनी अख्खं ताट कापडात उपडं केलं.

नवऱ्याने त्या ढिगाकडे बघत काकांना विचारलं, “ते काय ओरडलात?”

“सावधान. म्हणजे, बी केअरफुल,” मी सांगितलं.

“हे जरा आधी सांगायचं!”

काका मात्र कॅमेऱ्यात डोकावून चुकचुकले. “हललाय हो. वन्स मोअर?”