दोन साक्षीदारांचं वाक्य

चाळीस वर्षं शिकवलं की किस्से साठतातच. शाळेतले बरेचसे मी विसरलो. पण रिटायर झाल्यावर रेवदंड्यात वाचनालयाच्या मागच्या खोलीत मोठ्या माणसांसाठी इंग्लिशचा क्लास काढला, तिथले काही केल्या डोक्यातून जात नाहीत. सांगून टाकतो. हसू आलं तर हसा, मला आता फारसं येत नाही.

*

रोज दुपारी चार वाजता फळ्यावर एक नवा शब्द लिहायचा आणि प्रत्येकाने त्याचं वाक्य करायचं, एवढाच क्लास. पहिला शब्द होता ‘ब्रेव्ह’. नऊ जणांपैकी सात जणांनी गाइडातलं वाक्य लिहिलं, ‘द लायन इज ब्रेव्ह!’

माझं डोकं फिरलं. "रेवदंड्यात सिंह कुणी बघितलाय?"

कुणीच बघितला नव्हता. मग मी नियम केला. वाक्य स्वतःच्या आयुष्यातलं हवं, खरं हवं आणि वर्गातल्या दोन साक्षीदारांनी त्याला हात वर करायला हवा. साक्षीदार मिळाले तर बरोबरची खूण, नाहीतर लाल रेघ. आपण फार मोठी अक्कल चालवली, असं त्या दिवशी मला वाटलं होतं.

*

शब्द ‘टेम्पररी’. प्रिया घरचा होमस्टे बघते, पाहुण्यांशी बोलता यावं म्हणून क्लासला यायची. तिने लिहिलं, ‘अवर रूफ इज टेम्पररी.’ वादळात कौलं उडाली, वर निळी ताडपत्री टाकली, ती तशीच राहिली.

"साक्षीदार?" मी विचारलं. सगळ्या वर्गाचे हात वर!

"अगं, पण पाहुण्यांना काय सांगतेस?"

"सांगते, ओपन टू स्काय!"

पोट धरून हसलो सगळे. तिच्या सासूबाई त्याच ताडपत्रीखाली दोन पावसाळे खोकत काढून गेल्या, हे पुढच्या आठवड्यातल्या वाक्यात कळलं. त्याला साक्षीदार मागायचं माझ्या जिवावर आलं, पण प्रियाच म्हणाली, "मागा सर, नियम आहे."

*

नझीर गावातून अलिबागपर्यंत रिक्षा मारतो. वर्गातले अर्धे लोक त्याच्याच रिक्षाने यायचे-जायचे. शब्द होता ‘रिलायेबल’. त्याने इमानेइतबारे लिहिलं, ‘माय ब्रेक्स आर नॉट रिलायेबल.’

प्रियाने ताबडतोब हात वर केला. "खरं आहे सर! परवा आक्षीच्या पुलाजवळ मी डोळेच मिटून घेतले होते!"

त्या दिवशी सगळा वर्ग चालत घरी गेला. मागून रिकामी रिक्षा हळूहळू चालवत नझीर ओरडत होता, "अरे बसा ना! खरं लिहिलं ही माझी चूक झाली काय?"

दुसऱ्या दिवशी क्लास बुडवून त्याने ब्रेक करून घेतले.

*

हिराबाई सुकी मासळी विकते. टोपली दाराबाहेर ठेवून कोपऱ्यात बसायची. पहिल्या दिवशी मी विचारलं, "तुम्हाला इंग्लिश कशाला हवंय?"

तिचा मुलगा दिनेश मालवाहू जहाजावर खलाशी. आठ महिन्यांपूर्वी जहाजाचा संपर्क तुटला. कंपनीचे ईमेल इंग्लिशमध्ये, तेही भाच्याच्या फोनवर यायचे.

"भाचा वाचतो न् सांगतो, सगलं बरं हाय. दर टायमाला सगलं बरं! मंग इतका मोठा कागद कशाला लिवतान? मना सवताला वाचाचं हाय, सर."

मग शब्द आला ‘एव्हरी’. तिने वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं, ‘एव्हरी डे आय चार्ज हिज फोन.’ दिनेशने जुना फोन घरी ठेवला होता.

नझीरने हात वर केला. "खरं आहे. खिडकीत वायर लावून ठेवते मावशी, जाता-येता दिसतो." दुसरा हात माझा होता. मीही बघितला होता.

*

शब्द ‘होप’. मला वाटलं, सोपा आहे. सगळ्यांनी भराभर लिहिलं. हिराबाईची वही कोरी.

"काय झालं? येत नाही?"

"येतं. पन याला साक्षीदार कुठनं आनू?"

तिने पान उलटलं. मी पुढच्या बाकाकडे गेलो.

*

एके दिवशी क्लास सुटल्यावर तिने झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आणलेला ईमेल माझ्यापुढे धरला. "निम्मा वाचला मी. बाकीचा तुमी वाचा."

मी वाचला. शोध थांबवला आहे, आणि जहाजावरच्या सर्वांना मृत गृहीत धरण्यात येत आहे, असं सरळ लिहिलं होतं. खाली कुठल्या कागदांवर सह्या हव्यात, त्याची यादी.

तिने विचारलं, "काय म्हनतान?"

चाळीस वर्षं मुलांना खोटं बोलू नका म्हणून सांगितलं. त्या दिवशी तोंडातून निघालं, "शोध चालू आहे म्हणतात."

तिने कागदाची घडी घातली, कमरेला खोचली आणि टोपली उचलून गेली. भाचा आणि मी एकाच माळेचे मणी, हे मला त्या क्षणीच कळलं होतं. पण हाक मारून तिला परत बोलवायची माझी छाती झाली नाही.

*

पुढचे चार दिवस ती आली नाही. नझीर म्हणाला, "मावशीच्या खिडकीत फोन दिसत नाही, सर." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पाचव्या दिवशी आली. टोपली नव्हती. फळ्यापाशी येऊन तिने माझ्या हातात एक चिठ्ठी दिली. एकेक अक्षर उतरवून काढलेला एकच शब्द. "आज हा लिवा."

‘प्रिझ्यूम’. मी फळ्यावर लिहिला, पुढे अर्थ लिहिला: गृहीत धरणे. खडू दोनदा मोडला.

नझीरने लिहिलं, ‘पॅसेंजर्स प्रिझ्यूम माय ब्रेक्स आर बॅड.’ दोन हात वर झाले, हशा झाला. प्रियाचं झालं. बाकीच्यांचं झालं.

हिराबाई उभी राहिली. वहीवर बोट ठेवून, एकही शब्द न अडखळता तिने वाचलं, ‘सर प्रिझ्यूम्ड आय विल नेव्हर रीड द लेटर.’

वर्गात कुणाला काही कळेना. नझीर हळूच म्हणाला, "मावशी, याला साक्षीदार कोण?"

"एकच हाय," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघत उभी राहिली.

मी हात वर केला.