अकरा भेगा

त्या टायवाल्याचं तोंड आठवलं तरी माझ्या अंगाचा तिळपापड होतो. हॉस्पिटलच्या इमारतीची, लिफ्टची, पार्किंगची देखभाल त्याच्याकडे होती. डांबराला हंगाम असतो, हे माझे बाबा त्याला चार वर्षं घसा कोरडा करून सांगत होते.

बाबांचा धंदाच पार्किंगच्या डांबरातल्या भेगा बुजवण्याचा. तीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही आणि दुसऱ्या कशावर फारसे बोललेही नाहीत. कुणाकडे जेवायला गेलो तरी आधी गाड्या लावतात तिथे उकिडवे बसायचे, खिशातली घराची किल्ली काढून भेगेत घालायचे आणि फिरवून बघायचे. कडक उन्हाळ्यात डांबर फुगतं, भेग आवळते, किल्ली फिरतच नाही. तेव्हा भरलेला माल थंडीत भेग उघडली की ताणून फाटतो. ऐन थंडीत किल्ली सैल फिरते. तेव्हा माल जास्त बसतो आणि उन्हाळ्यात वर येऊन टायरला चिकटतो. पावसाळा सरल्यावर, थंडी वाढण्याआधीच्या गार आणि कोरड्या दिवसांत ती काठांना घासत जेमतेम फिरते. तेच दिवस बाबांचे. एरवी कुणी कितीही गयावया केली तरी ते जागचे हलायचे नाहीत. "माझ्या हातून खोटं काम करून घेऊ नका," म्हणायचे. आई म्हणायची, "या माणसाने लग्नाची तारीखसुद्धा किल्ली फिरवूनच काढली असणार."

आईच्या मणक्यात कॅन्सर उतरला आणि आठवड्यातून तीनदा आम्ही त्याच हॉस्पिटलात जाऊ लागलो. गाडीपासून दारापर्यंत अकरा भेगा होत्या. आईच्या व्हीलचेअरची पुढची लहान चाकं प्रत्येक भेगेत आदळायची. मी मागून ढकलायचे, बाबा पुढून उचलून धरायचे, तरी धक्का बसायचाच. नवव्या भेगेपर्यंत आईच्या डोळ्यांतून पाणी यायचं.

"जगाच्या भेगा बुजवता, आणि बायको इथे आदळते," ती एकदा हसत म्हणाली. बाबा हसले नाहीत.

हंगाम चालू होता. बाबा टायवाल्याकडे एकदा नाही, पाचदा गेले.

"साहेब, एकेक रांग बंद ठेवा. नाहीतर निदान दारापर्यंतचा पट्टा द्या. अर्ध्या दिवसाचं काम आहे."

त्याने कॉम्प्युटरवरून नजरही उचलली नाही. "काका, आत्ता जागा फुल असते. उन्हाळ्याच्या सुट्टीत अर्धे डॉक्टर नसतात, तेव्हा करू."

"उन्हाळ्यात केलेलं टिकत नाही."

"तुम्ही फक्त डांबर लावा हो. कधी लावायचं ते आम्ही बघतो."

मी दाराशी उभी होते. त्याची टाय धरून त्याला त्या अकराही भेगांवरून फरफटत न्यावंसं वाटलं. बाबा "बरं" म्हणाले. मला त्या "बरं"चाही संताप आला.

हिवाळाभर भेगा रुंदावत गेल्या. उन्हाळा लागला तेव्हा डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं, आई थंडीपर्यंत राहील असं वाटत नाही. दुसऱ्या सकाळी बाबांनी टायवाल्याला फोन करून तारीख घेतली.

"बाबा, किल्ली फिरत नाहीये!" मी ओरडले. "थंडी पडली की फाटेल सगळं!"

"माहीत आहे. फाटू दे."

बुटांचे तळ चिकटत होते अशा उन्हात त्यांनी त्या अकरा भेगा भरल्या. हवेच्या नळीने धूळ उडवली, गरम रबरी डांबर ओतलं, पट्टीने सपाट केलं. टायवाला सावलीत उभा होता. "बघा, झालं की नाही उन्हाळ्यात?" म्हणाला. बाबा मान खाली घालून पट्टी पुसत राहिले.

दोन दिवसांनी आईची खुर्ची गाडीपासून निघाली. ती ओठ मिटून धक्क्याची वाट बघत बसली होती. "अगं, दार आलंसुद्धा?" तिने विचारलं. त्या उन्हाळ्यात अशा तीसेक फेऱ्या झाल्या. मग संपल्या.

पहिल्या गारठ्यात टायवाल्याचा फोन आला. मी उचलला.

"तुमच्या वडिलांचं काम फाटलंय. तीस वर्षांचा अनुभव म्हणे!"

"फाटणारच होतं!" मी अशी ओरडले की शेजारच्या बाई खिडकीत आल्या. "ते माझ्या आईपुरतं केलं होतं. ती गेली. आता बसा बघत!"

बाबांनी फोन माझ्या हातातून घेतला. "उद्या येतो. एकेक रांग बंद ठेवा."

"ठेवतो," तो म्हणाला. वर्षभरापूर्वी एवढंच तर मागितलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी फाटलेला माल खरवडून काढला आणि पहिल्या भेगेत किल्ली घातली. ती घासत फिरली.

"त्या माणसासाठी कशाला करता?" मी विचारलं.

"खुर्ची काय तुझ्या आईची एकटीचीच येत होती इथे?" म्हणाले, आणि हवेची नळी माझ्या हातात दिली.

मी धूळ उडवू लागले. दिवस कोरडा होता, गार होता, अगदी हवा तसा होता, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचाच आला.