चार हिरव्या पट्ट्यांचा कंपाउंडर

कंपाउंडरला रक्त बघवत नसे. वाळूजच्या एका कंपनीत तो मालाची तपासणी करायचा. तिथे कुणाचं बोट कापलं, की जखमी माणसाच्या आधी यालाच खुर्ची द्यावी लागायची. असा हा गृहस्थ आमच्या ऑनलाइन गेममध्ये हीलर होता, म्हणजे बाकीचे राक्षसाशी लढत असताना मागे उभं राहून त्यांना जिवंत ठेवणारा. डॉक्टर म्हणण्याइतकी दानत आमच्यात नव्हती, म्हणून कंपाउंडर. खरं तर त्याने लढाई कधी पाहिलीच नाही. पडद्याच्या कोपऱ्यात आम्हा चौघांच्या जिवाच्या चार हिरव्या पट्ट्या असतात, त्याची नजर तेवढ्यावरच. ड्रॅगनला डोकी किती होती हे नंतर आम्ही त्याला सांगायचो. तो म्हणायचा, "असतील."

चौघांतला टँक, म्हणजे राक्षसाचा सगळा मार अंगावर घेणारा, होता पैलवान. छावणीत त्याचं मोबाइलचं दुकान आहे आणि प्रत्यक्षात तो इतका बारीक, की काउंटरमागे आहे की नाही हे बोलल्याशिवाय कळत नाही. तिरंदाज होते दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आणि तलवार घेऊन सर्वांत पुढे पळणारा आणि सर्वांत आधी मरणारा तो मी.

कंपाउंडरचा झगा म्हणजे भिजलेलं पोतं, आणि टोपी उपड्या पातेल्यासारखी. आम्ही सोन्याचे पंख लावून हिंडत असताना हा माणूस ते ध्यान अंगावर घालून मागे उभा असे. मी एकदा चांदीच्या काठाचा पांढरा झगा दाखवला. त्याने झग्याकडे पाहिलंही नाही, खाली लिहिलेले आकडे वाचले. "वरातीला निघालास काय? रंग नको सांगू. याच्यानं मंत्र किती लवकर सुटतो ते सांग." घरी मात्र त्याची ही नजर कुठे जायची देव जाणे. वहिनी एकदा माझ्यासमोरच म्हणाल्या, "साऱ्या दुनियेला औषध देतात. मला ताप आला तेव्हा विचारत होते, आपल्याकडं थर्मामीटर आहे का. मागल्या दिवाळीला यांनीच आणलाय." कंपाउंडर पट्ट्या बघण्यात गर्क होता.

मंत्राला माना लागतो, म्हणजे हीलरचं इंधन. मी अक्कल पाजळली, की ज्याचा साठा मोठा तो हीलर मोठा. कंपाउंडर पुंडलिकनगरात राहायचा. त्याने मला गच्चीवरच्या टाकीकडे बोट करून विचारलं, "ही टाकी केवढी आहे?"

"मोठी आहे."

"आणि आत काय आहे?"

मी चढून झाकण उचललं. आत तळ दिसत होता.

"मग टाकी केवढी ते नको विचारू. नळ कधी येतो ते विचार." म्हणून तो साठ्याऐवजी माना झपाट्याने परत भरणारं गियर, म्हणजे झगा, टोपी, काठी वगैरे, निवडायचा, आणि एका मोठ्या उपचारापेक्षा लहान लहान, भराभर होणारे उपचार. "लग्नातलं जेवण लई भारी असतंय," तो म्हणायचा, "पण मुहूर्तापर्यंत माणूस टिकला पायजे."

मग त्याची चाकणला बदली झाली, तीही कायमच्या रात्रपाळीवर, आणि आमचा डाव असायचा रात्रीचा. क्रांती चौकातल्या टपरीवर त्याने हे सांगितलं आणि टोळी मोडायची लक्षणं तिथेच दिसू लागली. दाजी म्हणाले, इंटरनेटवर हीलर पुष्कळ मिळतात. पैलवान म्हणाला, "अनोळखी माणसाच्या भरवशावर मी मार खाणार नाय. कंपाउंडर गेला की मी बी बंद." आठवड्यातून एकदा चौघांना एकत्र आणणारी दुसरी कुठलीच गोष्ट आमच्याकडे नव्हती. मी बशी खाली ठेवून म्हणालो, "मी होतो हीलर." कंपाउंडरने माझ्याकडे तडा गेलेल्या मालाकडे बघावं तसं पाहिलं.

त्याचा अंदाज बरोबर होता. चांदीच्या काठाचा झगा मी आधीच घेऊन ठेवला होता. शिवाय एक काठी घेतली, जिच्याने उपचार कधीमधी दुप्पट व्हायचा. "कधीमधी?" कंपाउंडरने विचारलं. "पैलवान कधीमधी मार खातो का?" पण माझा खरा पराक्रम त्यापुढचा. आमच्या घरी पंगतीत पहिलं वाढप जावयाला. मीही पहिला उपचार दाजींना केला. दाजी हौसेने आगीत उभे राहायचे, मी आदराने त्यांना बरं करायचो, आणि तिकडे पैलवान राक्षसाच्या पायाखाली निमूटपणे मेला. मग सगळेच मेलो.

"ही काय पंगत आहे का?" कंपाउंडर म्हणाला.

"दाजी मेले तर ताईचा फोन येतो."

"येऊ दे. पैलवान मेला तर फोन उचलायला कोण राहतंय? पहिला पैलवान. मग तू खुद. उरलं तर बाकीचे."

"पाहुण्याआधी आपण कसं घ्यायचं?"

"वाढणारा मेला की पंगत उठते."

दाजी हे सगळं माइकवर ऐकत होते. ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. ताई बोलली, पुष्कळ.

निघायच्या दिवशी, रविवारी दुपारी, कंपाउंडरने शेवटचा डाव ठरवला. ज्या गढीतला राक्षस त्याच्या औषधावरही आम्हाला कधी आवरला नव्हता, तीच गढी. हीलर मी. "इथं जमलं तर पैलवान थांबतोय," तो म्हणाला, "नाय तर मी सुटलो अन् तुम्ही बी सुटलात."

डाव सुरू होण्याआधी गेममधल्या माझ्या पेटीत भुकटीचा ढीग येऊन पडला. वापरलेलं गियर त्या गेममध्ये दुसऱ्याला देता येत नाही. ते फोडलं तर भुकटी निघते, ती देता येते आणि तिने दुसऱ्याचं गियर सुधारतं. त्याने पोतं, पातेलं, सगळं फोडलं होतं.

"अरे, हे काय केलंस?"

"तुझ्यावर भरवसा बिरवसा नाय. रात्रपाळीला काय ते घालून जाऊ?"

सगळी भुकटी मी माना भरण्याच्या वेगावर लावली. झग्याचा चांदीचा काठ काळा पडला. चौघं असल्याशिवाय गढीचं दार उघडत नाही, म्हणून कंपाउंडर साध्या सुती सदऱ्यात आमच्या मागून आत आला.

लढाई चांगली चालली होती. पैलवान पहिला, मी दुसरा. तेवढ्यात राक्षसाने शेपूट फिरवलं आणि पैलवानाची पट्टी अर्ध्याखाली, कंपाउंडरची जवळजवळ संपलेली. माना एका मंत्रापुरता. माझं बोट कंपाउंडरच्या पट्टीवर गेलं होतं.

"नाव नको वाचू," तो माइकवर हळूच म्हणाला.

मी पैलवानाला बरं केलं. कंपाउंडरची पट्टी काळी झाली.

"अहो, कंपाउंडर गेले," दाजी म्हणाले.

"बोलू नका दाजी. आगीतनं बाजूला व्हा."

मग तो पडल्या पडल्या बघत राहिला. पट्ट्या सोडून त्याला बघायला पहिल्यांदाच सवड मिळाली असावी, कारण मधेच म्हणाला, "दात लई घाण आहेत याचे." पैलवान एवढा हसला की ढाल खाली गेली, पण तोवर माझा माना भरला होता. थोड्या वेळाने राक्षस पडला. पैलवान म्हणाला, "पुढल्या रविवारी किती वाजता?"

मी कंपाउंडरच्या शाबासकीची वाट बघत होतो.

"मधी दाजींना दोनदा वाचवलंस," तो म्हणाला. "गरज नव्हती."

"मी ऐकतोय," दाजी म्हणाले.

"ऐकवायलाच बोललो."

त्याच्याकडे मागे भांड्यांचा आवाज आला, आणि वहिनींची हाक. "चला," तो म्हणाला, "टेम्पोवाला बोंबलतोय."

मी धावत त्याच्या देहापाशी गेलो. मेलेल्याला उठवायचा मंत्र सावकाश चालतो, कुठल्याच गियरने तो घाईला येत नाही. मी तो म्हणत असतानाच त्याने गेम बंद केला. कोपऱ्यातली चौथी पट्टी पुसली गेली, आणि सुती सदराही.